आहारराशी : केसपेपरवरील रिकामा रकाना

आपल्यापैकी कोणाच्याही चिकित्सालयातील शंभर केसपेपर काढून पाहावेत. औषधांच्या बाजूला मात्रा, अनुपान आणि काल ही तिन्ही स्पष्ट लिहिलेली आढळतील. अमुक चूर्ण 3 ग्रॅम, दोन वेळा, जेवणापूर्वी, कोमट पाण्याबरोबर. अमुक वटी 250 मिलिग्रॅमची, दोन-दोन. अमुक अरिष्ट 20 मिलिलिटर, समभाग पाण्यातून. त्याच कागदाच्या तळाशी पथ्याची एक ओळ असते. तेथे मात्र 'लघु आहार', 'भात कमी', 'तेलकट वर्ज्य', 'भूक राखून जेवणे' असे शब्द येतात. तीन ग्रॅम चूर्णाविषयी इतका काटेकोर असणारा वैद्य रुग्णाच्या कोष्ठात रोज जाणाऱ्या अन्नाविषयी एकही आकडा लिहीत नाही. भात कमी म्हणजे किती कमी? आणि आज तो किती आहे, हे तरी विचारले गेले आहे का?

अष्ट आहारविधिविशेषायतने स्वस्थवृत्ताच्या तोंडी परीक्षेत आपण सर्वांनी घडाघडा म्हटली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांपैकी सात आयतनांची काही ना काही विचारपूस आपण करतो. रुग्ण कोठला, जेवणाची वेळ कोणती, दूध आणि फळे एकत्र घेतो का, तळलेले खातो का, हे प्रश्न आपल्या तोंडवळणी पडले आहेत. चौथे आयतन, राशी, तेवढे सुटते. प्रत्येक जीर्ण रुग्णाच्या केसपेपरवर राशीचा रकाना असावा आणि तो रुग्णाने घरी ठेवलेल्या लेखी नोंदीवरून भरला जावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, राशीचे दोन प्रकार सांगितले आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह, आणि त्यातील एकेका द्रव्याचे पृथक् प्रमाण तो परिग्रह. आजचे आहारशास्त्र ज्याला संतुलित आहार म्हणते, त्याचे मर्म या दुसऱ्या शब्दात आहे. आपल्याकडील अनेक ताटे सर्वग्रहाने निर्दोष आणि परिग्रहाने सदोष असतात. तीन पोळ्या, वर वाटीभर भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी हे नित्याचे जेवण घ्या. पोट भरते, जडपणा येत नाही, जेवणारा 'मी मोजकेच खातो' असे प्रामाणिकपणे सांगतो. त्या ताटातील कोरडे पीठ, तांदूळ आणि डाळ वेगवेगळी तोलून पाहावी. पीठ आणि तांदूळ मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास भरतात. आमटीच्या वाटीत डाळ कशीबशी दहा-पंधरा ग्रॅम निघते. बटाटा भाजी म्हणून वाढला, तरी काम तो धान्याचेच करतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारसूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत 2,000 किलोकॅलरीच्या दिवसासाठी कच्च्या वजनाने सुमारे 250 ग्रॅम धान्ये, 85 ग्रॅम डाळी, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 35 ग्रॅम तेलबिया व कवचफळे, 300 मिलिलिटर दूध किंवा दही आणि 27 ग्रॅम तेल-तूप असा हिशेब आहे. धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांहून अधिक नसावी, असेही तेथे म्हटले आहे. धान्य तीन भाग तर डाळ एक भाग, एवढे जरी यातून लक्षात ठेवले, तरी वरील ताटाचा दोष उघडा पडतो. हे आकडे जसेच्या तसे प्रत्येकास लावावेत असे मी म्हणत नाही. पण परिग्रहाची कल्पना ज्यांच्या संहितेत आहे, त्यांनी परिग्रह न मोजता 'चौरस आहार घ्या' म्हणावे, हे शोभत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्यातील व्यासंगी वैद्यांकडूनच येतो. आयुर्वेदात मात्रा अग्निबलावर अवलंबून आहे. ग्रॅम आणि वाट्या मोजणे ही पाश्चात्त्य दृष्टी आहे, असे ते म्हणतात. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायाची भूमिका अशीच आहे: जेवढे अन्न प्रकृतीला बाधा न आणता यथाकाल पचते, तेवढी त्या व्यक्तीची मात्रा. गुरु द्रव्ये तृप्तीच्या तिसऱ्या किंवा अर्ध्या हिश्शापर्यंतच घ्यावीत आणि लघु द्रव्येही अतितृप्तीपर्यंत खाऊ नयेत, असेही तेथे सांगितले आहे. पण यावरून मोजू नये हे कसे सिद्ध होते? जी मात्रा प्रत्येकाची वेगळी, ऋतूनुसार बदलणारी आणि द्रव्याच्या गुरुलाघवावर ठरणारी, ती शोधण्यासाठी तर नोंद अधिकच हवी. सर्वांना एकच मात्रा असती, तर ती भिंतीवर छापून लावता आली असती.

म्हणून नोंदीचे दोन रकाने असावेत. पहिल्यात काय आणि किती खाल्ले. दुसऱ्यात ते कसे पचले. दुसऱ्या रकान्यासाठी त्रिविधकुक्षीय अध्यायाने आपणांस मोजपट्टी दिलेलीच आहे. कुक्षीवर दाब नाही, हृदयप्रदेशी अवरोध नाही, पार्श्वभागी ताण नाही, उदरात फार जडपणा नाही, इंद्रिये तृप्त, क्षुधा-तृष्णा शांत. उठणे, बसणे, निजणे, चालणे, श्वास घेणे, हसणे, बोलणे यांत सहजता. सकाळचे अन्न सायंकाळपर्यंत आणि सायंकाळचे सकाळपर्यंत सुखाने जिरणे. यांतील चार-पाच लक्षणे सोप्या मराठीत लिहून रुग्णाला खुणा करावयास सांगितल्या, तर पंधरा दिवसांत त्या रुग्णाची मात्रा त्याच्याच अक्षरांत आपल्यासमोर येते. पुरणपोळ्या दोन खाल्ल्या त्या दिवशी रात्रीपर्यंत भूक नाही; एक खाल्ली त्या दिवशी सात वाजता भूक. यानंतर वैद्याने 'पुरणपोळी एक' असे लिहिले, तर तो आदेश वाटत नाही. रुग्णाला त्याचे कारण ठाऊक असते. कॅलरीच्या हिशेबात हा दुसरा रकाना नसतो. भ्रमणध्वनीवरील जी अॅप आज लोक वापरतात, ती पहिला रकाना भराभर भरतात, पण त्यांतील 'वाटी' ही कोणाची वाटी, हे रुग्णाला माहीत नसते आणि आपल्यालाही नसते.

तोंडी सांगितलेल्या आहारवृत्तावर किती विसंबावे, याचे उत्तर 1992 सालीच मिळाले आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्या वर्षी एक छोटा पण सुंदर अभ्यास आला होता. दिवसाला 1,200 किलोकॅलरीहून कमी खाऊनही वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या दहा स्थूल व्यक्तींची त्यात प्रत्यक्ष मोजणी केली गेली. त्यांचा चयापचय मंद नव्हता. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी होता आणि केलेले श्रम मात्र त्यांनी निम्म्याने वाढवून सांगितले होते. ही माणसे खोटे बोलत होती असे समजण्याचे कारण नाही. स्वयंपाक करताना चाखलेले, मुलांच्या ताटातील उरलेले, चहाबरोबरचे, दुकानात बसल्या बसल्या मूठभर घेतलेले फुटाणे, हे आहारात मोडते असे मनाला वाटतच नाही. 'डॉक्टर, मी काहीच खात नाही, तरी वजन वाढते' हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकणाऱ्या वैद्याने ते धातुगत अग्निमांद्याचे लक्षण मानण्यापूर्वी पंधरा दिवसांची वही मागावी.

नोंद ठेवण्याने स्वतःच काही घडते, हेही दिसून आले आहे. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ 1,700 स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरले. अर्थात जो रोज वही लिहितो तो मुळातच अधिक निश्चयी असतो, ही गोष्ट अशा अभ्यासात वजा करता येत नाही.

आता प्रत्यक्ष कसे करावे. स्वयंपाकघरात तराजू ठेवा असे सांगितले, तर दहांतील नऊ घरे ते करणार नाहीत. त्याची गरजही नाही. प्रत्येक घरात रोजची एक वाटी आणि एक डाव असतो; तोच धरावा. पहिल्या भेटीत रुग्णाला ती वाटी बरोबर आणावयास सांगावे आणि आपल्याकडील औषध मोजण्याच्या पात्राने तिच्यात किती पाणी मावते ते पाहून केसपेपरवर लिहावे. शंभर मिलिलिटरपासून अडीचशेपर्यंत सर्व प्रकारच्या वाट्या मी पाहिल्या आहेत, आणि सर्वांना घरात 'वाटी' असेच म्हणतात. भाकरीचेही तसेच. एखाद्या घरी पन्नास ग्रॅम पिठाची भाकरी होते, एखाद्या घरी शंभराची. 'दोन भाकरी' या उत्तरात दुपटीचा फरक दडलेला असतो. एक दिवस भाकरीचे पीठ परातीत घेण्यापूर्वी शेजारच्या दुकानात तोलून आणले की तो प्रश्न कायमचा सुटतो.

ज्यांना हेही कठीण वाटते त्यांच्यासाठी रुग्णाचा हात आहे. प्रसृती आणि अंजली ही माने आपल्या परिभाषेत मुरलेली आहेत; आज औषधनिर्माणात आपण पल 48 ग्रॅम, प्रसृत 96 आणि कुडव म्हणजे अंजली 192 ग्रॅम असे धरतो. पण शारीरस्थानात देहातील द्रवधातूंचे प्रमाण सांगताना चरकांनी ते ज्याच्या त्याच्या स्वतःच्या अंजलीने सांगितले आहे. मोठ्या देहाची ओंजळ मोठी, लहान देहाची लहान. माप आणि मोजावयाची वस्तू एकाच शरीराची. आहारासाठी याहून चांगले माप मला सुचत नाही. शिजलेली भाजी ओंजळभर, भात मूठभर, शेंगदाणे तळहाताच्या खोलगटात मावतील तेवढे, असे सांगितले की निरक्षर आजींनाही ते कळते, आणि त्यांची नात वहीत तेवढ्या रेघा ओढू शकते. पूर्वी घरोघरी तांदूळ काढण्यासाठी चिपटे-मापटे असे आणि माणशी किती टाकावयाचे ते ठरलेले असे. प्रेशर कुकर आला तसा तो हिशेब डोळ्याच्या अंदाजावर गेला.

तेल, साखर आणि मीठ यांची नोंद मात्र ताटावरून होत नाही, कारण ती ताटात दिसत नाहीत. तेथे वाण्याची यादी मागावी. समजा, चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल येते. वजनाने ते साधारण साडेचार किलो. एकशेवीस मनुष्यदिवसांनी भागले, तर माणशी रोज 38 ग्रॅमच्या घरात पडते. त्याच घरी चार किलो साखर येत असेल, तर माणशी 33 ग्रॅम, आणि त्यात बिस्किटे, मिठाई व बाहेरचा चहा धरलेला नाही. मिठाची एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमहून अधिक. जागतिक आरोग्य संघटना मिठासाठी पाच ग्रॅमची मर्यादा सांगते. पाहुणे, लोणची, सांडलेले-उरलेले वजा करूनही बरेच उरते. हा हिशेब मी रुग्णासमोर कागदाच्या पाठीमागे मांडतो. घरातील गृहिणी तो चटकन समजते, आणि पुढील महिन्यात चार लिटरवर आणते. 'तेलकट वर्ज्य' या दोन शब्दांनी हे होत नाही, कारण तेलकट म्हणजे भजी असा तिचा समज असतो आणि भजी तर त्यांच्याकडे महिन्यातून एकदाच होतात.

उपवासाचा दिवस वहीत अवश्य लिहावयास सांगावा. एकादशीचे पान आदल्या दिवसाच्या पानाशेजारी ठेवून पाहिले की साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस आणि दोन केळी यांनी कोणते लंघन साधले, हे रुग्णाला न सांगता समजते.

आतापर्यंतच्या विवेचनावरून ही वही केवळ स्थूलांसाठी आहे असा ग्रह होऊ नये. हीनमात्रा हा अतिमात्रेइतकाच मोठा दोष आहे. बल, वर्ण आणि उपचय यांचा क्षय, अतृप्ती, उदावर्त ही त्याची लक्षणे त्याच त्रिविधकुक्षीय अध्यायात आहेत. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या अनेक स्त्रिया आपल्याकडे अशक्तपणा आणि मलावष्टंभ घेऊन येतात. एकीची वही अशी होती: सकाळी चहा आणि दोन खारी, दुपारी अर्धी भाकरी चहात बुडवून, सायंकाळी चहा, रात्री दूधभात चार घास. पंधरा दिवसांत डाळ तीनदा आणि पालेभाजी एकदाही नाही. एकटीसाठी काय रांधायचे, हे तिचे म्हणणे. अशा रुग्णेला अनुलोमन देऊन 'हलका आहार घ्या' असे आपण सवयीने लिहिले, तर ती ते तंतोतंत पाळेल आणि आणखी खंगेल. शेतमजुरीवर जाणाऱ्या कुटुंबांतही असेच आढळते: भाकरी आणि ठेचा भरपूर, डाळ आठवड्यातून एकदा. तेथे लघु आहाराचा उपदेश निरर्थक तर आहेच, पण क्रूरही आहे.

औषधनिर्मात्या बंधूंना थोडे न आवडणारे एक लिहिणे भाग आहे. आपले अवलेह आणि पाक हे रुग्णाच्या आहारनोंदीत यावयास हवेत. च्यवनप्राशात वजनाने सर्वांत मोठा वाटा बहुधा साखरेचा असतो. रुग्णाने दिवसाला 40 ग्रॅम अवलेह घेतला आणि त्यात निम्मी साखर धरली, तर ती 20 ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना 2,000 किलोकॅलरीच्या आहारात मुक्त शर्करा शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावयास सांगते. औषधी गुण कोणी नाकारीत नाही. पण जो मधुमेही 'साखर बंद केली' म्हणून सांगतो आणि प्रतिकारशक्तीसाठी दोन मोठे चमचे अवलेह सकाळ-संध्याकाळ घेतो, त्याची फसगत आपल्या लेबलवर होत आहे. घटकद्रव्यांची यादी लेबलवर असते, पण एका चमच्यात साखर किती, हे ग्राहकाला कळेल अशा रीतीने लिहिलेले क्वचितच आढळते. बरणीवर 'एका चमच्यात साखर इतके ग्रॅम' एवढी एक ओळ छापावी. कायद्याची वाट पाहू नये. 2022 च्या 'आयुर्वेद आहार' नियमांनंतर तर आपली काही उत्पादने अन्न म्हणूनच बाजारात येत आहेत. अन्न म्हणून विकावयाचे आणि अन्नाच्या हिशेबातून मात्र वगळावयाचे, हे फार काळ चालणार नाही.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आणि प्रौढांतील सर्वाधिक प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के, आढळले. म्हणजे आपल्या बाकावर बसलेला प्रत्येक प्रौढ या दृष्टीने पाहावयास हवा. येथे एक सावधगिरी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णाचे धान्य वहीवरून एकदम कमी केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळविल्यावाचून हे करू नये. वृक्कविकारात डाळ वाढविण्यापूर्वीही तोच नियम. गर्भिणी आणि वाढत्या मुलांची वही काय कमी पडते ते पाहण्यासाठी, कमी करण्यासाठी नव्हे. वजनाच्या भयाने आधीच घास मोजणाऱ्या तरुण मुलींना तर ही वही देऊच नये.

तसेच वही आजन्म लिहावयाची नाही. घास घास मोजीत जेवणे हे उपयोगसंस्थेच्या विरुद्ध आहे. तन्मनाने जेवावे असे सांगणाऱ्या शास्त्राला ते मानवणार नाही. पहिल्यांदा सलग चौदा दिवस, आणि पुढे वर्षा व हेमंत या दोन ऋतूंच्या आरंभी सात-सात दिवस पुरे. वर्षात अग्नी मंद असतो आणि हेमंतात बलवान. त्या दोन टोकांची मात्रा कळली की मधल्या ऋतूंचा अंदाज बांधता येतो. दिवसातून दोनदाच जेवावे, असा जो प्रवाह गेल्या दशकात महाराष्ट्रात जोरात आला, त्याच्या अनुयायांनाही ही वही उपयोगी पडेल. काल आणि राशी ही संहितेने वेगवेगळी आयतने मानली आहेत. वेळा कमी केल्या म्हणून राशी आपोआप ठीक होत नाही.

संघटनेपुढे माझी सूचना अशी आहे. एका कागदाच्या दोन्ही बाजूंना मावेल असे चौदा दिवसांचे मराठी आहारनोंद पत्रक तयार करावे: वर वाटीचे माप आणि भाकरीचे पीठ लिहिण्याची जागा, मध्ये तीन जेवणे व 'मधले खाणे', शेवटी पचनाच्या पाच खुणा, आणि मागील बाजूस तेल, साखर व मीठ यांचा मासिक हिशेब. दिवाळीला वैद्यांना ज्या दिनदर्शिका आणि लेखण्या मिळतात त्यांऐवजी फार्मसींनी ही पत्रके छापून द्यावीत. त्यांच्या नावासाठी तळाशी जागा ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. तोपर्यंत साध्या वहीवर भागेल. पुढील अंकापूर्वी प्रत्येक तालुक्यातून दोन वैद्यांनी पाच-पाच रुग्णांच्या नोंदी, नावे वगळून, संपादकांकडे धाडल्या, तर कोकणातील, खानदेशातील आणि मराठवाड्यातील ताटांचा परिग्रह शेजारी ठेवून पाहता येईल, आणि पत्रकात कोणता रकाना कमी-जास्त करावयाचा तेही त्यावरून ठरविता येईल.